आमचा ल्यूथर कोण? जुन्नरच्या वाटेवरून एक प्रश्न

"युरोपात मार्टिन ल्यूथर झाला, आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबा झाले." हे वाक्य तुम्ही शाळेत ऐकले असेल, व्याख्यानमालेत ऐकले असेल, कदाचित आपल्याच एखाद्या कार्यकर्त्याच्या तोंडून जयंतीच्या स्टेजवरही ऐकले असेल. ऐकायला बरे वाटते. युरोपाइतकेच आपणही पुढे होतो, असा दिलासा त्यातून मिळतो. पण आम्ही हे वाक्य जरा थांबून तपासायचे ठरवले आहे. कारण त्याच्या आड एक हिशोब दडवला जातो, आणि तो हिशोब आपल्या माणसांचा आहे.

ही तुलना लोकप्रिय केली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. मराठी सत्तेच्या उदयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०० साली आले. त्यात संतांच्या चळवळीची तुलना त्यांनी युरोपातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी केली. तिकडे पोप आणि पाद्र्यांची मक्तेदारी मोडली, इकडे संस्कृत आणि भटजींची मोडली, असा त्यांचा रोख. रानडे विद्वान होते, त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण हेच रानडे १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये गेले, तिथे चहा पुढे आला, आणि त्या एका कप चहावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. टिळकही त्या यादीत होते. ज्या धर्मात हायकोर्टाच्या दर्जाच्या माणसाला चहासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागते, त्या धर्मात चारशे वर्षांपूर्वीच 'ल्यूथर' होऊन गेला होता, हे कसे मानायचे?

आता युरोपात नेमके काय झाले ते पाहू. पंधराव्या-सोळाव्या शतकात तिथे तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या: छापखाना, धर्मातले बंड आणि समुद्र. जर्मनीत १४५५च्या सुमारास गुटेनबर्गचे बायबल छापून निघाले. १५१७ साली विटेनबर्गच्या ल्यूथरने माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध पंच्याण्णव मुद्दे मांडले. पैसे द्या आणि पापाच्या शिक्षेतून सूट घ्या, असा तो धंदा होता, आणि त्या पैशातून रोममधले भव्य चर्च बांधले जात होते. (दक्षिणा देऊन पाप धुण्याची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.) ल्यूथरच्या आधीही अशी टीका करणारे झाले होते. प्रागचा यान हुस १४१५ साली जाळला गेला. फरक छापखान्याने केला. ल्यूथरचे मुद्दे त्याच वर्षात लायप्झिग, न्यूरेंबर्ग, बाझेल इथे छापले गेले. १५२२ साली त्याने नवा करार जर्मन भाषेत आणला, १५३४ साली संपूर्ण बायबल. इंग्लंडच्या विल्यम टिंडेलने १५२६ साली इंग्रजीत नवा करार छापून चोरून मायदेशी पाठवला, आणि १५३६ साली त्याला गळा आवळून मारून जाळले. धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत आणणे हा तिथे देहदंडाचा गुन्हा होता. तरी पुस्तके थांबली नाहीत, कारण हजारो प्रती कुणी जाळून संपवू शकत नाही.

१० डिसेंबर १५२० रोजी ल्यूथरने विटेनबर्गच्या वेशीबाहेर पोपचा हुकूम आगीत टाकला. त्यासोबत चर्चच्या कायद्याचे ग्रंथही टाकले. ही तारीख लक्षात ठेवा.

पण याच ल्यूथरची दुसरी बाजू आपल्याकडच्या पुस्तकांत येत नाही. १५२५ साली जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी बारा मागण्या छापल्या. तिसऱ्या मागणीत ते म्हणाले, ख्रिस्ताने गुराख्यापासून सरदारापर्यंत सगळ्यांना सारखेच सोडवले आहे, मग आम्ही वेठबिगार का? ल्यूथरकडूनच शिकलेला युक्तिवाद त्यांनी ल्यूथरपुढे ठेवला. आणि ल्यूथरने काय केले? शेतकऱ्यांनी शस्त्र उचलल्यावर त्यांना निर्दयपणे मारून टाका, असे सरदारांना सांगणारी पुस्तिका लिहिली. त्या युद्धात लाखाच्या आसपास शेतकरी मारले गेले असा अंदाज इतिहासकार देतात. देवापुढे सगळे समान, पण शेतात मालक तो मालक आणि कूळ ते कूळ. हा सूर आपल्या ओळखीचा नाही का?

म्हणजे ल्यूथर आणि संत यांची तुलना एका जागी बरोबर जुळते. पण ती जागा कौतुकाची नाही.

आता आम्ही ज्या वाटेवर राहतो तिकडे येऊ. पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातले गाव, कल्याण-नगर रस्त्यावरचे. आज या रस्त्याने टोमॅटो, कांदा भरलेले ट्रक माळशेज घाट उतरून मुंबईकडे जातात. त्याच्या शेजारीच नाणेघाट, सातवाहनांच्या काळातला घाट. वरच्या पठारावरून माल याच घाटाने खाली कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी-घोड्यांची यादी आहे. राजघराणे यज्ञ करत होते, पण त्याच वाटेवरच्या जुन्नरला डोंगर कोरून भिक्षूसंघासाठी लेणी कुणी उभी केली? शिलालेख वाचा. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे. आणि तीन लेखांत 'यवन' दाते आहेत, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परके. एकाने पाण्याच्या पोढी दिल्या, एकाने संघासाठी भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडचा माणूस आणि इथला बुरूडकाम करणारा माणूस एकाच संघाला दान देतात, आणि दोघांची नावे त्याच दगडात कोरली जातात. दोन हजार वर्षांपूर्वी या तालुक्याचे समुद्राशी असे नाते होते.

ते नाते तुटले कसे? समुद्र तर आटला नाही. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतित करणाऱ्या कर्मांत घातला. पुढे कलिवर्ज्याच्या याद्या आल्या, त्यांत द्विजाचे समुद्रगमन निषिद्ध ठरले. याचा अर्थ भारतीयांनी समुद्र सोडला असा नाही. गुजरातचे व्यापारी जात होते, अरब येत होते, कोकणचे मुसलमान, कोळी, भंडारी, खारवी समुद्रावरच जगत होते. बंदी कुणावर होती ते पाहा. ज्याच्या हातात पोथी आणि लेखणी, त्याच्यावर. ज्याला वारा, भरती, तारे ठाऊक होते त्याला लिहिण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याला लिहिण्याचा अधिकार होता त्याने समुद्र पाहिला की तो बाटत होता. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. ती विभागणी गिरणीत दिसते, गावकुसाला दिसते, आणि जहाजावरही दिसते.

याच सुमाराला पोर्तुगाल काय करत होते? अब्राहम झाकुतो नावाचा एक यहुदी खगोलज्ञ १४९२ साली स्पेनमधून हाकलला गेला आणि पोर्तुगालच्या आश्रयाला आला. सूर्य आणि ग्रहताऱ्यांच्या त्याच्या कोष्टकांचे पुस्तक १४९६ साली लेरिया इथे छापले गेले. खलाशांना त्यावरून भर समुद्रात आपण कुठे आहोत ते काढता येऊ लागले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला तो अशा कोष्टकांच्या बळावर आणि आफ्रिकेतल्या मालिंदीहून सोबत घेतलेल्या वाटाड्याच्या बळावर. पंडिताचे गणित आणि खलाशाचा हात एका डेकवर आले. युरोपची सरशी तिथून सुरू झाली. गोऱ्या कातडीचा त्यात काही संबंध नाही. आणि कृतज्ञता म्हणाल तर ज्या वर्षी ते पुस्तक छापले त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालच्या राजाने यहुद्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला.

त्या जहाजांच्या पोटात आणखी एक कागद होता. १४५५ साली पाचव्या निकोलस पोपने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर 'अधर्मी' लोकांचे मुलूख जिंकण्याची व त्यांना कायमचे गुलाम करण्याची मुभा दिली होती. धर्माने दिलेली गुलामगिरीची सनद! मनुस्मृतीत शूद्राचे दास्य वाचलेल्या माणसाला यात नवे काही दिसणार नाही.

१५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. चौल हे निजामशाहीचे बंदर. ही निजामशाही उभी राहिली ती आपल्या जुन्नरातून. मलिक अहमद जुन्नरचा कारभार पाहत होता, १४९० साली त्याने बहमनींचे फौजदार उधळले आणि स्वतंत्र झाला. चौलजवळ १५०८ साली इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगिजांना हरवले आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा मारला. पण पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगिजांनी उट्टे काढले. १५२१ साली निजामशहाने त्यांना चौलला किल्ला बांधू दिला, आणि १५७०-७१ मध्ये मोठा वेढा घालूनही तो त्यांच्याकडून सुटला नाही. घाटावर घोडदळ होते, पण समुद्र परक्याच्या परवान्यावर चालू लागला.

आता मुख्य गोष्ट. युरोपात धर्माविरुद्ध बंड पेटले असताना आपल्याकडे कोण आले? त्या बंडाला दडपायला निघालेले आले. ल्यूथरची माणसे या जहाजांवर नव्हती. जेझुइट संघाची स्थापना १५४० सालची, आणि दोनच वर्षांत त्यांचा फ्रान्सिस झेवियर गोव्यात होता. १५५६ साली गोव्यात छापखाना आला, भारतातला पहिला. खरे तर तो अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायचा होता, तो गोव्यातच राहिला. चारच वर्षांनी, १५६० साली, धर्मन्यायालय सुरू झाले. ज्या यंत्राने जर्मनीत पाद्र्याची मक्तेदारी फोडली, ते यंत्र इथे पाद्र्याच्याच कोठडीत बसवले गेले.

गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य. यहुदी वंशाचा, दडपणाने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य आणि मित्र होता. इथल्या वनस्पती आणि औषधांवरचे त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले, आणि त्यात इथल्या वैद्य-हकिमांकडून तो काय शिकला हेही येते. १५६८ साली तो वारला. १५६९ साली त्याच्या बहिणीला जाळले. १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली, मेल्यावर बारा वर्षांनी. ज्ञान मिळवणाऱ्याचा धर्म शोधणारी माणसे तेव्हाही होती.

गोव्याच्या चर्चने जातीचे काय केले? या प्रश्नावर आम्हाला थोडे थांबायचे आहे, कारण धर्मांतराची चर्चा आपल्या घरातली आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर इथे छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, पण रोमन लिपीत. म्हणजे तुकोबांच्या हयातीत मराठी ओवी छापखान्यातून निघाली होती! स्टीफन्सचे मराठीवरचे प्रेम खरे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण त्या चर्चमध्ये बाटलेला ब्राह्मण 'बामण'च राहिला, 'चारदो' वेगळे राहिले, 'सुदीर' वेगळे. त्यांची धार्मिक मंडळेही जातीवार. देशी पाद्री व्हायचा मान दीर्घकाळ वरच्यांकडेच राहिला. तिकडे मदुरेला रोबेर्तो द नोबिली जानवे घालून ब्राह्मण संन्याशासारखा राहू लागला. तक्रार रोमला गेली. ३१ जानेवारी १६२३ रोजी पंधराव्या ग्रेगरी पोपने निकाल दिला: ख्रिस्ती झालेल्याने जानवे, शेंडी, गंध ठेवायला हरकत नाही. पोपने पोथी बदलली, जानवे शाबूत ठेवले. १९५६ साली बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा का घालून दिल्या, हे कुणाला कळत नसेल तर त्याने हा १६२३चा कागद आठवावा. नुसते देवाचे नाव बदलून जात मरत नाही, याचा पुरावा तीनशे वर्षे गोव्यात उभा होता.

जो छापखाना अॅबिसिनियाला पोचला नाही, त्याच अॅबिसिनियातून एक मुलगा मात्र आपल्याकडे पोचला. १५४८च्या सुमारास जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आणलेला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. तोच मलिक अंबर. १६०७च्या सुमारास त्याने निजामशाहीची गादी जुन्नरला आणली आणि इथून मुघलांशी टक्कर घेतली, पुढे दौलताबाद, खडकी. जमीनमहसुलाची त्याची पद्धत दख्खनने लक्षात ठेवली. १६२६ साली तो गेला तेव्हा मुघल दरबारातला इतिहासकारही त्याच्या कर्तृत्वाची दखल घेतल्याशिवाय राहिला नाही. आम्ही याचे गोडवे गाऊन गुलामीच्या बाजाराला धुऊन काढणार नाही. अरबांचा असो, पोर्तुगिजांचा असो, बाजार तो बाजार. पण अटलांटिकच्या वाटेने जे सव्वा कोट आफ्रिकी लोक जहाजांत कोंबले गेले, त्यांच्यातल्या कुणाला अमेरिकेत वझीर होऊन राज्य चालवता आले? त्या व्यापारात कॅथलिक पोर्तुगीज होते तसेच प्रॉटेस्टंट डच आणि इंग्रजही होते. धर्मसुधारणेने आपल्या माणसाला बायबल वाचायला शिकवले आणि काळ्या माणसाला साखळीत ठेवले. युरोपचा आरसा दाखवणाऱ्यांनी पूर्ण आरसा दाखवावा.

(जाता जाता: नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, सातगाव पठारावरचा बटाटा, भाकरीबरोबरची मिरची, ही सगळी अमेरिकेची पिके. समुद्रापलीकडचे धर्मबाह्य म्हणणाऱ्यांच्या ताटात मिरची कधी निषिद्ध झाली नाही. पोटाचा कलिवर्ज्य वेगळा असतो.)

तर मग संतांचे काय? आमच्यावर आरोप होईल की बाबासाहेबांनीच १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये ल्यूथरच्या शेजारी महाराष्ट्रातल्या संतांचे नाव घेतले आहे. घेतले आहे. राजकीय क्रांतीच्या आधी धार्मिक-सामाजिक क्रांती व्हावी लागते, हे दाखवताना त्यांनी युरोपचा ल्यूथर, इंग्लंड-अमेरिकेचे प्युरिटन, भारतातले बुद्ध, नानक आणि शिवाजी महाराजांच्या आधीचे संत अशी साखळी मांडली. पण १९३७च्या आवृत्तीत गांधीजींना उत्तर देताना त्यांनी पुढचेही सांगितले: संतांनी जातीविरुद्ध मोहीम उघडली नाही, त्यांनी माणसे देवापुढे समान मानली, माणसे माणसांपुढे समान मानली नाहीत. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावी लागतात. पहिलेच वाचून थांबणारे लोक रानड्यांच्या रांगेत जाऊन बसतात.

चोखोबा पंढरपूरच्या दाराबाहेर राहिले, त्यांची समाधीही दाराबाहेर. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असे परंपरा सांगते. इथेच आम्हाला ल्यूथर आठवतो. दोघांमधला फरक प्रतिभेचा नव्हता, तुकोबा कुठल्याच बाबतीत कमी नव्हते. फरक असा की विटेनबर्गला छापखाना होता आणि देहूला नदी होती. गोव्यात यंत्र येऊन जवळजवळ शंभर वर्षे झाली होती, पण देहूच्या कुणब्याच्या वहीपर्यंत ते पोचले नाही. १६७०च्या दशकात भीमजी पारेख या व्यापाऱ्याने इंग्रजांकडून मुद्रक मागवला, तोही ब्राह्मणी ग्रंथ छापण्यासाठी, आणि तो प्रयत्न फसला. १८०५ साली मिरजेच्या पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून पुस्तक छापले, ते कोणते? भगवद्गीता, संस्कृतात. तुकोबांची गाथा सरकारी मदतीने नीट छापून आली १८६९ आणि १८७३ साली.

त्याच १८७३ साली जोतिराव फुल्यांचे 'गुलामगिरी' आले, अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलेले. पाहा वर्तुळ कुठून कुठे आले. ज्या समुद्राने गुलाम नेले त्याच समुद्राने थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' पुण्यात आणले, ते जोतिरावांनी वाचले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. प्रत्येक मुलाने, मुलीनेही वाचायला शिकले पाहिजे, हा आग्रह ल्यूथरने १५२४ साली जर्मन शहरांपुढे धरला होता. तो आग्रह महाराष्ट्रात पोचायला तीनशे वर्षे लागली. पोचल्यावर तो उचलला कुणी? पोथीवाल्यांनी नाही. एका माळ्याच्या घराने उचलला, आणि मांगाच्या मुक्ता साळवेने १८५५ साली निबंध लिहून विचारले की आमचा धर्म कोणता.

ल्यूथरच्या आगीची तारीख आम्ही लक्षात ठेवायला सांगितली होती. चारशे सात वर्षांनी, डिसेंबर महिन्यातच, बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले. दासगावच्या बंदरात उतरून महाडला चालत गेले. सभेसाठी कुणी हिंदू जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. परिषदेत बाबासाहेबांनी तुलना केली ती ल्यूथरशी नाही, १७८९च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री खोदलेल्या खड्ड्यात मनुस्मृती जळाली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आणि १५२५ साली ज्या शेतकऱ्यांना ल्यूथरने झिडकारले होते, तशीच माणसे, वेठबिगार केलेली, गावकुसाबाहेरची, त्या आगीभोवती स्वतः उभी होती.